वॉर्डाचा आकडा हवा, घराचा पत्ता नको: सरकारी आकडेवारी मागण्याची आणि छापण्याची रीत

इंदूरमधल्या मराठी मंडळांना, वाचनालयांना, रहिवासी संघांना हल्ली आकडे लागतात. रामबागेत, लोकमान्य नगरात एकटे राहणारे वृद्ध किती, डब्याची सोय कुठे करायची, फिरता दवाखाना कुठल्या वॉर्डात आधी न्यायचा, सगळ्याला आधी आकडा हवा. अनुदानाचा अर्ज भरायला घेतला की 'लाभार्थी संख्या, आधारासह' हा रकाना वाट बघत असतोच. मग कोणीतरी सरकारी कार्यालयात खेटे घालतं आणि दोनांपैकी एक प्रकार होतो. एका टेबलावर 'हे गोपनीय आहे' म्हणून वॉर्डाची साधी बेरीजसुद्धा मिळत नाही. दुसऱ्या टेबलावरचा भला माणूस अख्खी एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो. नाव, मोबाइल, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा व्यक्ती-क्रमांक), सगळं आत.

पहिल्या प्रकारात काम अडतं, दुसऱ्यात माणसं उघडी पडतात. शिवाय दुसऱ्याचा बोभाटा झाला की पहिला प्रकार आणखी बळावतो. म्हणून इथे मागण्याची आणि छापण्याची अशा दोन्ही रीती दिल्या आहेत. छापण्याचा भाग मुद्दाम लांबवला आहे, कारण 'नावं काढली की झालं' या समजुतीवर आपल्याकडे फारसं कोणी हरकत घेत नाही. नावं काढून काही होत नाही. माणूस सापडतो तो बेरजेच्या ओळीतून.

१. प्रश्न आधी लिहून काढा

'वृद्धांची माहिती हवी' हा प्रश्न नव्हे. 'कुठल्या पाच वॉर्डांत ७५ वर्षांवरचे, एकटे राहणारे सर्वांत जास्त आहेत' हा प्रश्न. तो नीट लिहिला की लगेच कळतं, आपल्याला नावं नकोत, जन्मतारीख नको, घर क्रमांकही नको. वॉर्ड, वयोगट आणि संख्या इतकंच हवं. कमी मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते आणि पुढे सांभाळायचं ओझंही कमी होतं. स्वयंसेवकांनी दारोदार जायचं असेल तर ते काम वेगळं. त्यासाठी लोकांची संमती घेऊन स्वतः नोंदणी करा, सरकारी यादीवरून परस्पर दारं ठोठावू नका.

२. जे उघड्यावर आहे ते आधी बघा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज ठोकण्याआधी एक संध्याकाळ संगणकासमोर घाला. २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा शहरांसाठी वॉर्डापर्यंत मिळतो: लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. इंदूरचे तेव्हा ६९ वॉर्ड होते, आता ८५ आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जिल्ह्याची जनगणना पुस्तिका आणि जिल्हा सांख्यिकी पुस्तिकाही चाळा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं ई-सांख्यिकी पोर्टल २९ जून २०२४ ला, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जयंतीला सुरू झालं; तिथे तयार तक्ते आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय, पण नाव-पत्ता काढलेली माहिती मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून मिळते. मात्र त्यातून वॉर्डाचा आकडा काढायला जाऊ नका. नमुन्यात तुमच्या वॉर्डातलं एकही घर नसण्याचीच शक्यता जास्त.

हे तक्ते बघताना त्यांची घडण बघा. जनगणना वॉर्डाला मोजके रकाने देते आणि मातृभाषेसारखे तपशीलवार तक्ते वरच्या पातळीवर, जिल्हा-तहसील-शहर असे देते. क्षेत्र लहान तर रकाने कमी, क्षेत्र मोठं तर रकाने जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) जिल्हा पत्रक उघडा. काही आकडे कंसात दिसतील, काही ठिकाणी नुसतं फुलीचं चिन्ह. कंस म्हणजे नमुन्यात २५ ते ४९ जणच होते. फुली म्हणजे २५ हूनही कमी, म्हणून आकडा छापलाच नाही. हे मुळात आकडा भरवशाचा नसल्यामुळे केलं जातं, पण त्यातून माणसंही झाकली जातात. तुमच्या अहवालासाठी हा नमुना फुकट उपलब्ध आहे, उचला.

३. माहिती कुठल्या कायद्याखाली गोळा झाली, ते ओळखा

एकसारखे दिसणारे दोन तक्ते वेगवेगळ्या कायद्यांखाली जमलेले असू शकतात आणि मग उत्तरही वेगळं मिळतं.

जनगणनेचं कवच सर्वांत जाड. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की प्रगणकाने भरलेली नोंद बघण्याचा कोणालाही हक्क नाही आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा २०२७ च्या जनगणनेचा प्रगणक दारात आल्यावर 'हे कोर्टात तर जाणार नाही ना' असं आजोबांनी विचारलं, तर त्यांना हे कलम सांगा.

सांख्यिकी संकलन कायदा, २००८ हा सर्वेक्षणांचा कायदा. त्याचं कलम ९ या विषयातलं सर्वांत कामाचं वाक्य आहे असं माझं मत. त्याचा आशय असा: प्रसिद्ध होणारी आकडेवारी अशी मांडली पाहिजे की माहिती देणारा कोण हे दुसऱ्या कोणालाही ओळखता येऊ नये, एकेक पर्याय वगळत गेलं तरीसुद्धा. म्हणजे नुसतं नाव लपवणं कायद्यालाच पुरेसं वाटत नाही. बाकीचे वजा करून उरणारा माणूसही सापडता कामा नये. याच कायद्याचं कलम ११ संशोधनासाठी नाव-पत्ता काढून एकेकट्या नोंदी देण्याची वाटही ठेवतं. दार बंद करणारं कलम आणि खिडकी उघडणारं कलम एकाच कायद्यात आहे, हे अधिकाऱ्याशी बोलताना उपयोगी पडतं.

तिसरा प्रकार प्रशासकीय याद्यांचा: पेन्शन, रेशन, शिष्यवृत्ती. या याद्या आकडेवारीसाठी केलेल्याच नसतात, लाभ देण्यासाठी असतात. त्यातल्या काही मुद्दाम उघड ठेवल्या जातात. मनरेगाचे हजेरीपट जाहीर नसते तर खोटे मजूर पकडले गेलेच नसते. २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना याच जातीची. ती जनगणना कायद्याखाली नव्हती आणि तिची घरगुती माहिती योजनांसाठी वापरायचीच होती. नावात 'गणना' आहे म्हणून जनगणनेचं कवच तिला लागू होत नाही.

४. अर्ज: कच्ची यादी नको, तयार विवरण मागा

माहितीच्या अधिकाराची फी १० रुपये, मुदत ३० दिवस आणि माहिती कशाला हवी हे सांगण्याची सक्ती नाही (कलम ६(२)). इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण पुढे येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कार्यालयाकडे असलेली माहिती द्यावी लागते, नसलेली नव्याने तयार करून देणं बंधनकारक नाही. म्हणजे तुम्ही 'वॉर्डनिहाय, वयोगटनिहाय तक्ता करून द्या' म्हटलं की 'संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येणार. आणि 'मग मूळ यादी द्या' म्हटलं की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार. दोन्ही बाजूंनी कोंडी.

यातून वाट अशी की प्रत्येक विभाग दर महिन्याला वर, भोपाळला काहीतरी पाठवतच असतो: मासिक प्रगती विवरण, मागणी पत्रक, वॉर्ड किंवा झोनप्रमाणे गोषवारा. तो कागद तयार असतो आणि त्यात नावं नसतात. त्याचं नाव आधी काढा. आवक-जावकच्या खिडकीवर किंवा संबंधित शाखेच्या बाबूला नम्रपणे विचारलं की 'महिन्याला वर काय जातं?', तर बहुधा कळतं. अर्ज हिंदीत जाईल, मजकूर साधारण असा ठेवा:

'अमुक योजनेच्या लाभार्थ्यांच्या संख्येचं, वॉर्ड किंवा झोनप्रमाणे असलेलं, गेल्या १२ महिन्यांत वरिष्ठ कार्यालयाला पाठवलेलं मासिक विवरण. नाव, पत्ता, मोबाइल, आधार, समग्र आयडी किंवा बँक खात्याचा तपशील मागितलेला नाही. विवरणात असा तपशील असल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उरलेला भाग द्यावा. माहिती ज्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवली आहे त्याच स्वरूपात द्यावी.'

दुसरं वाक्य न विसरता घाला. काय नको ते आधीच सांगितलं की नकाराचं सगळ्यात सोपं कारण निघून जातं.

२०२५ च्या नोव्हेंबरपासून याची गरज वाढली आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) पूर्वी लांबलचक होतं: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येई, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने (२०२३) त्या जागी फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढंच ठेवलं आणि हा बदल त्या कायद्याच्या नियमांबरोबर लागू झाला. तोल बिघडला असं मला वाटतं, कारण आता अधिकाऱ्याला विचार करायची गरजच उरत नाही. तरी कलम ८(२) शाबूत आहे: उघड करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि बेरीज ही कोणा एकाची वैयक्तिक माहिती नसते.

नकार आलाच, तर पहिल्या अपिलात भावनिक लिहू नका. तीन ओळी पुरतात: मागितलेली माहिती समूहाची आहे, कलम १० चा विचार केलेला दिसत नाही, कुठल्या रकान्यामुळे व्यक्ती ओळखली जाते ते सांगावं. या तिसऱ्या ओळीचं उत्तर देता देता पुष्कळदा माहितीच दिली जाते.

५. फाइल हाती आली

समजा मागितल्यापेक्षा जास्त आलं. कोणी नावांसकट फाइल पाठवली. ती ग्रुपवर पुढे ढकलू नका. एका माणसाच्या संगणकावर पासवर्ड घालून ठेवा, तिची कामापुरती प्रत काढा आणि प्रतीतून नाव, वडील-पतीचं नाव, मोबाइल, आधार, खातं, घर क्रमांक हे रकाने लपवायचे नाहीत, काढूनच टाकायचे.

समग्र आयडीबद्दल वेगळं सांगायला हवं. मध्य प्रदेशात कुटुंबाला ८ अंकी आणि व्यक्तीला ९ अंकी समग्र क्रमांक असतो आणि तो रेशनपासून शाळेपर्यंत सगळीकडे जोडलेला असतो. एखादा हुशार स्वयंसेवक म्हणतो, 'आपण त्याचा हॅश (सूत्राने बनवलेला सांकेतिक क्रमांक) काढून ठेवू, मग ओळखणार कोण?' ओळखता येतं. ९ अंकांत एकूण १०० कोटीच क्रमांक बसतात; सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. त्याऐवजी ओळी आधी उलटसुलट करा आणि मग १ पासून नवे क्रमांक द्या. ओळी न पिसता क्रमांक दिले तर मूळ यादीतला सतरावा तो तुमचाही सतरावाच राहतो.

आणखी एक रकाना सगळे विसरतात: शेरा. 'मुलगा पुण्याला, चावी शेजारच्या काकूंकडे.' भेटीला गेलेल्या कर्मचाऱ्याने काळजीपोटी लिहिलेली ही ओळ चोराच्या हाती पडली तर काय होईल? शेऱ्याचा रकाना वाचून, लागेल ते खुणेत बदलून, पूर्ण उडवा.

६. उरलेल्या रकान्यांतून माणूस कसा सापडतो

१९९७ मध्ये लतान्या स्वीनी या संशोधिकेने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांची नावं काढलेली वैद्यकीय माहिती घेतली, केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड जुळवून थेट तिथल्या गव्हर्नरची नोंद शोधली. त्या देशात हे तीन रकाने मिळून बहुसंख्य लोक एकमेव ठरतात, असं तिने पुढे दाखवलं.

आपल्याकडे जुळवणीला मतदार यादी फुकट आहे: नाव, नात्यातलं नाव, वय, लिंग, घर क्रमांक, भाग क्रमांकासह. आणि इंदूरच्या मराठी माणसाला एक जादाची अडचण आहे. पुण्यात आडनावावरून मातृभाषेचा अंदाज आला तरी बिघडत नाही, हजारो तसेच असतात. इथे हिंदी-माळवीच्या गर्दीत एखाद्या वॉर्डात मराठी घरं मोजकीच. 'मराठी, स्त्री, ८५ च्या वर, एकटी' इतकं छापलं की वाड्यातल्या कोणालाही कळतं की या अमुक आजी. म्हणजे जो रकाना आपल्याला सर्वांत जिव्हाळ्याचा, मातृभाषा, तोच सर्वांत धोक्याचा.

तपासणी सोपी आहे. वॉर्ड, वयोगट, लिंग, मातृभाषा हे रकाने ठेवा आणि शेजारी एक्सेलमधलं काउंटइफ्सचं सूत्र घालून प्रत्येक ओळीसमोर 'या चारही गोष्टी सारख्या असलेल्या ओळी किती' ते काढा. ५ पेक्षा कमी आलेल्या ओळी गाळणी लावून बघा. भरपूर निघतील. मग वय रुंद करा: ७१, ७२ असं नाही, '७० ते ७९', आणि टोकाला '८० व वर'. वॉर्ड जोडा. पुन्हा मोजा. किमान किती असावेत? सांख्यिकी संकलन कायद्याच्या कलम ९ मध्ये आकडा दिलेला नाही. जगात कुठे ३, कुठे ५, तर अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या माहितीत ११ पेक्षा कमी असेल तर तक्त्यातलं ते घर, म्हणजे ती चौकट, झाकतात. साध्या विषयाला ५ आणि आजार, अपंगत्व, जात, गुन्हा अशा विषयाला १० धरा.

एक फसगत अशी की गटात १० जण आहेत, पण दहाच्या दहा एकाच आजाराचे. मग गट मोठा असून काय उपयोग? त्या वॉर्डातली ती बाई त्या गटात आहे एवढं कळलं की तिचा आजारही कळला. १०० टक्के आणि ० टक्के आले की थांबून बघायचं.

७. एक तक्ता, जवळून

हा काल्पनिक आहे. तीन वॉर्डांतले एकटे राहणारे, ८० व वर:

| वॉर्ड | मराठी | हिंदी | सिंधी | एकूण |
|---|---|---|---|---|
| अ | १४ | ३१ | २ | ४७ |
| ब | २२ | १८ | ९ | ४९ |
| क | ११ | ४० | १७ | ६८ |
| एकूण | ४७ | ८९ | २८ | १६४ |

अ वॉर्डातले सिंधी २. हे घर झाकायचं म्हणून तिथे फुली मारली. पण ४७ मधून १४ आणि ३१ वजा केले की २ परत हजर. बरं, मग त्याच ओळीतले मराठी १४ ही झाकले. आता उभ्या रकान्यातून ४७ वजा २२ वजा ११ बरोबर १४, आणि १४ कळले की २ कळले. सुडोकू सोडवणाऱ्याला लागतो त्याहून कमी वेळ. खरोखर झाकायचं तर चौकोन करावा लागतो: अ आणि ब या दोन्ही ओळींतली मराठी आणि सिंधी अशी चार घरं. मग बाहेरच्याला अ मधले सिंधी ० ते ११ मध्ये कुठेही असू शकतात इतकंच कळतं. म्हणजे २ झाकायला १४, २२ आणि ९ चाही बळी गेला, आणि मराठी मंडळाच्या अहवालातून नेमके मराठी आकडेच गेले.

दुसरा उपाय, अ आणि ब एकत्र करा: मराठी ३६, हिंदी ४९, सिंधी ११, एकूण ९६. एकही फुली नाही, सगळ्या बेरजा जुळतात. डब्याची गाडी अ-ब दोन्हीकडे एकच जाणार असेल तर आपलं काहीच गेलं नाही. मी बहुतेक वेळा हेच करतो. फक्त जोडलेले वॉर्ड शेजारचे असू द्या, सोयीचे नकोत.

तिसरा, सिंधी रकाना 'इतर' मध्ये ढकलणं. हा मोह आवरा. जनगणनेत देशभर १०,००० पेक्षा कमी बोलणारे असलेल्या मातृभाषा 'इतर' मध्ये जातात. २०११ मध्ये लोकांनी १९,५६९ वेगवेगळी नावं लिहिली होती आणि छाननी, एकत्रीकरण व ही मर्यादा लावून तक्त्यात उरल्या २७०. तिथे कारण गोपनीयतेचं नाही, पण 'इतर' मध्ये गेलेल्या समाजाला स्वतःचा आकडा मागायला जागाच उरत नाही. तेव्हा आधी भूगोल मोठा करा, मग वय रुंद करा, समाज सगळ्यात शेवटी जोडा.

चौथा, पूर्णांकन: प्रत्येक आकडा ५ च्या पटीत. कॅनडाचं सांख्यिकी खातं ५ च्या आणि न्यूझीलंडचं ३ च्या पटीत असं करतं, तेही कधी वर कधी खाली असं यादृच्छिक. असं केलंत तर बेरजाही स्वतंत्रपणे पूर्णांकित करा, आणि 'बेरजा जुळणार नाहीत' अशी टीप द्या. नाहीतर पहिला फोन हिशेबनीसांचाच येईल. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत याच्या पुढे जाऊन गणिताने मोजून-मापून आकड्यांत गोंधळ मिसळला. त्यावर तिथे न्यायालयात दावाही झाला. आपल्या मंडळाच्या अहवालाला इतकं लागत नाही.

८. तक्ता स्वच्छ, तरी गळती

काळाची वजाबाकी. जूनच्या अहवालात एका वॉर्डात क्षयरोगाचे २३ रुग्ण, जुलैत २४. दोन्ही आकडे मोठे, दोन्ही सुरक्षित. पण गल्लीत जुलैमध्ये दवाखान्याच्या फेऱ्या कोण मारत होतं ते सगळ्यांना माहीत असतं. लहान क्षेत्राचे आकडे महिन्याला छापू नका, तिमाही किंवा वर्षाचे छापा. कोविडच्या दिवसांत इंदूरच्या वर्तमानपत्रांत वसाहतवार आकडे रोज येत. पाच-सहा इमारतींच्या वसाहतीपुढे '१' लिहिलं म्हणजे त्या घराचं दारच दाखवलं.

सीमेची वजाबाकी. हे वॉर्डांचं गणित वर म्हटलं होतं. एकच माहिती ६९ जुन्या आणि ८५ नव्या वॉर्डांप्रमाणे, अशी दोन्ही प्रकारे छापली, तर दोन सीमांच्या मधे एक चिंचोळी पट्टी उरते, आणि तिचा आकडा वजाबाकीने मिळतो. त्या पट्टीत एखादी चाळ असेल तर संपलं. एक सीमा निवडा आणि तिलाच चिकटून राहा. दुसऱ्या कोणी तीच माहिती वेगळ्या सीमेने आधी छापली आहे का, तेही बघा.

कमाल-किमान. 'सर्वांत वयस्कर लाभार्थी १०१ वर्षांच्या' ही ओळ बातमी म्हणून गोड आहे, पण ती एका माणसाची माहिती आहे. त्यांची परवानगी घेऊन, फोटोसकट, कौतुक म्हणून छापा; आकडेवारीत नको.

नकाशा. घरावर टिंब टाकू नका, वॉर्ड रंगवा. आरोग्य सर्वेक्षणांमध्ये तर गावाचा किंवा वस्तीचा बिंदूसुद्धा मुद्दाम सरकवून देतात: शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुधा ५ पर्यंत. इंदूरमध्ये २ किलोमीटर म्हणजे राजवाड्याचा माणूस रामबागेत, पण जिल्ह्याच्या अभ्यासाला त्याने फरक पडत नाही.

धंद्याचे आकडे वेगळेच. तिथे मोजणी मोठी असून भागत नाही. (पिथमपूरला इंदूरहून रोज बसा भरून लोक जातात, पण कारखान्यांच्या आकड्यांत ते धार जिल्ह्यात मोडतं, इंदूरच्या तक्त्यात शोधत बसू नका.) समजा एका प्रकारचे पाच कारखाने, एकूण उलाढाल १०० कोटी: पहिला ८० चा, दुसरा १५ चा, बाकी तीन मिळून ५. बेरीज छापली की दुसरा मालक स्वतःचे १५ वजा करतो आणि पहिल्याचे ८० हे जास्तीत जास्त ८५ आहेत हे ओळखतो, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आत. पाच कारखाने असूनही एक उघडा पडला. अंदाज १० टक्क्यांच्या आत येत असेल तर ती बेरीज छापू नये, असा ठोकताळा ठेवा. कारखान्यांची संख्या द्या, उलाढाल मोठ्या क्षेत्राची द्या.

९. फाइल बाहेर जाण्यापूर्वी

पिव्होट टेबल म्हणजे एक्सेलने ओळींवरून आपोआप केलेला बेरजेचा तक्ता; त्यातल्या बेरजेवर डबल-क्लिक करून बघा. मागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात, मूळ शीट पुसलेलं असलं तरी, कारण फाइल त्यांची प्रत पोटात ठेवते. म्हणून पिव्होट कधीही बाहेर जाऊ देऊ नका. आकडे कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये फक्त मूल्यं चिकटवा. लपवलेले रकाने, लपवलेली शीटं, गाळणीमागच्या ओळी, सेलमधल्या टिपा बघा. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढून नाव झाकलं असेल तर तो भाग निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. पुष्कळदा नाव उतरतं.

मग ती फाइल अशा माणसाला द्या ज्याला त्या वॉर्डातली घरं तोंडपाठ आहेत. दूधवाला, टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका, कोणीही. सांगा, 'यातलं कोणी ओळखू येतं का?' कुठल्याही सूत्रापेक्षा हे लवकर कळतं. फक्त मूळ यादी त्यांना दाखवू नका.

तक्त्याखाली टीप हवीच: माहिती कुठल्या विभागाची, कुठल्या तारखेची, वॉर्डांची कुठली सीमा, किती खाली झाकलं, कुठले वॉर्ड का जोडले. झाकलेलं घर आणि शून्य यांना वेगळी चिन्हं द्या, नाहीतर वाचणारा फुलीला शून्य समजतो आणि त्या वॉर्डाची गाडी बंद होते.

१०. काय झाकायचं नाही

गोपनीयता माणसाची असते, कार्यालयाची नसते. एखाद्या वॉर्डात पेन्शनचे किती अर्ज फेटाळले, किती पडून आहेत, किती महिने लागले, निधी किती आला आणि किती परत गेला, यात कोणाचाही खाजगीपणा नाही. 'एका शाळेत शिक्षकच नाही' हा आकडा १ असला तरी छापायचा, कारण तो शाळेबद्दल आहे. लहान आकड्याचा नियम तिथे कोणी पुढे केला तर विचारा, ओळखली जाणारी व्यक्ती कोण? अधिकृत सांख्यिकीची संयुक्त राष्ट्रांची मूलतत्त्वं १९९४ ची, आमसभेने २०१४ मध्ये मान्य केलेली. त्यातलं पहिलं तत्त्व नागरिकांच्या माहितीच्या हक्काचं आहे आणि सहावं व्यक्तीच्या गोपनीयतेचं. सहाव्याचं नाव घेऊन पहिलं मोडणारे नेहमीच भेटतात.

२०२७ च्या जनगणनेत जातही नोंदवली जाणार आहे. त्यानंतर पोटजातीप्रमाणे वॉर्डाचे आकडे मागायला सगळेच समाज पुढे येतील, आपलेही. तेव्हा वॉर्डाला जात, जिल्ह्याला पोटजात अशी मागणी केलीत तर काही हाती लागेल. वॉर्डाला पोटजात मागाल तर निम्मा तक्ता फुल्यांनी भरलेला मिळेल, आणि फुल्या नसल्या तर काळजी करावी लागेल.

छापून झाल्यावर कोणी येऊन म्हणालं, 'यात आमच्या आईची माहिती कळते', तर वाद घालू नका. ती फाइल त्याच दिवशी उतरवा, वॉर्ड जोडून नवी करा, टीपेत 'सुधारित' आणि तारीख लिहा, पण काय बदललं ते घर दाखवू नका. जुनी आणि नवी शेजारी ठेवली की वजाबाकी होतेच. ज्यांना जुनी पाठवली होती त्यांना एकेकाला फोन करून ती पुसायला सांगा.